ड्रायव्हरची झोप

घड्याळजीच्या पोटात दुखायला लागलं ते ड्रायव्हरला नवे दात मिळाले त्या दिवसापासून. त्याआधीही दुखायचं, पण ते सोसण्यासारखं होतं.

दात दोघांनाही मिळाले होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर उगाच त्या घराची बदनामी व्हायची. रस्त्यावर राहून राहून ज्याचं सगळं निसटलंय अशा माणसाला त्या घरात एकेक गोष्ट परत मिळायची. आधी आंघोळ आणि डॉक्टर, मग चष्मा, दात, हरवलेली ओळखपत्रं, मग समोर बसून सगळं ऐकून घेणारं कुणीतरी, मग हाताला काम. हे सगळं पचलं की शेवटी वरच्या मजल्यावरची एक खोली, आतून कडी लागणारी. तिथली माणसं या सगळ्या प्रकाराला ‘जिना’ म्हणायची. खाली मोठा हॉल आणि त्यात ओळीने खाटा, मधल्या मजल्यावर दवाखाना आणि दुरुस्तीचा कारखाना, वर खोल्या. कुणाचं कसं चाललंय असं विचारलं की उत्तर यायचं, “चढतोय.”

तर दात. ड्रायव्हरचे दात एक दिवस आधी आले. तो हसला, आणि अख्खा हॉल त्याच्याभोवती गोळा झाला. कुणी म्हणालं नवरदेव दिसतोस, कुणी म्हणालं आता बायको शोधायला हवी. दुसऱ्या दिवशी घड्याळजीचे दात आले, तर कुणी मान वर करून पाहिलं नाही. त्यात ते बोलताना वाजायचे. स्वयंपाकघर सांभाळणारी मावशी तर तोंडावरच म्हणाली, “घड्याळजी, आता तुम्हाला घड्याळाची गरज नाही. तुम्हीच टिकटिक करताय.”

त्या दिवशी घड्याळजी असा जळला, असा जळला, की शेजारच्या खाटेवर वाळत टाकलेला ओला टॉवेल जेवणाच्या आत खडखडीत झाला. खोटं वाटत असेल तर मावशीला विचारा. पुढे कितीतरी दिवस ती फडकी वाळवायला त्याच्याच उशाशी आणून टाकायची.

हा जळका स्वभाव त्याला रस्त्यावर मिळालेला नव्हता. त्या स्वभावानेच त्याला रस्त्यावर आणलं होतं. बायको गेली, लोकांनी मनगटावर घड्याळं बांधायची सोडली, दुकानाला टाळं लागलं, तेव्हा लेक त्याला आपल्या घरी घेऊन गेली. तिथे काही कमी नव्हतं. पण लेक चहा ओतताना पहिला कप नवऱ्याला द्यायची. घड्याळजीने तो कप बरेच दिवस पाहिला. एकदा त्याला राहवलं नाही. “माझी स्वतःची सोय आहे,” असं म्हणून तो पिशवी घेऊन बाहेर पडला. सोय म्हणजे उड्डाणपुलाखालचा एक खांब होता. लेक शोधत शोधत तिथे आली तर हा खांबामागे लपला, आणि तिथूनच ओरडला, “माझं स्वतःचं दार होईल तेव्हाच तुला तोंड दाखवीन!” लेकही त्याचीच. ती म्हणाली, “ठीक आहे बाबा. दार झालं की सांगा, मी येऊन वाजवते.” आणि गेली.

त्यानंतर तो पुलाखालून या घरात आला, कारखान्यात बंद पडलेले पंखे, मिक्सर, भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायला लागला, लेकीशी फोनवर बोलायला लागला. पण तोंड दाखवलं नव्हतं. दार नव्हतं ना.

आणि मग वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी झाली. तिथली शिवणकाम करणारी बाई आपल्या बहिणीकडे कायमची राहायला गेली. घड्याळजीने हिशेब केला. आपण जुने, आपलं काम चोख, आपण कधी भांडलो नाही (मनातल्या मनात भांडलेलं धरत नाहीत). खोली आपलीच. हे इतकं पक्कं होतं की त्याने कुणी काही सांगायच्या आत ऑफिसातून फोन लावला.

“वरचा मजला, कोपऱ्यातलं दार. पुढच्या रविवारी ये.”

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, “येते, बाबा,” आणि तिचा आवाज जरा ओला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा कारभार पाहणाऱ्या ताईंनी हॉलमध्ये येऊन सांगितलं, “कोपऱ्यातली खोली ड्रायव्हरला.”

कारण साधं होतं. ड्रायव्हरला रात्रपाळीचं काम मिळालं होतं, एका गोदामावर राखणदाराचं. रात्रभर तो जागा, आणि दिवसा हॉलमध्ये शंभर आवाज. झोपणार कधी? ताईंचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच घड्याळजीच्या अंगाचा तिळपापड झाला. चुकीचं असतं तर निदान भांडता आलं असतं.

“आणि घड्याळजी, सोबती तुम्ही,” ताई म्हणाल्या.

आता हे सोबतीचं काय ते सांगायला हवं. फार दिवस उघड्यावर काढलेल्या माणसाला एकदम चार भिंतींत घातलं की तो बिथरतो. कडी लागली की जीव गुदमरतो, छत अंगावर येतं, आणि तो उठून पुन्हा रस्ता धरतो. मागे एक जण तर पळून जाताना खोलीचं दारच उचकटून सोबत घेऊन गेला होता. सापडला तेव्हा मैदानात दार उभं करून त्याच्या आडोशाला गाढ झोपलेला. तेव्हापासून घराचा नियम असा की पहिला पंधरवडा नव्या माणसाच्या झोपेच्या वेळी खोलीत एक सोबती बसेल. आणि सोबती कोण? खोलीच्या रांगेत ज्याचा पुढचा नंबर, तो. पंधरवड्यात पहिल्याला खोली मानवली नाही, तर ती सोबत्याला मिळायची.

“असं कसं, ताई?” नवीन आलेलं कुणी विचारायचं. “मांजरालाच दुधावर बसवताय.”

“ज्याला खोलीची किंमत कळते, तोच तिच्यातल्या माणसाला जपेल,” ताई म्हणायच्या. चांगल्या बाई होत्या. घड्याळजी त्यांच्याकडे पाहून मान डोलवायचा आणि त्याचे दात वाजायचे.

पहिल्या दिवशी सकाळी ड्रायव्हर कामावरून आला. खाकी शर्ट खुंटीला लावला, शिट्टी खिडकीत ठेवली, आणि खाटेच्या कडेवर असा बसला की जणू खाट चावणार आहे.

“या की घड्याळजी, बसा. तुमचीच खोली समजा.”

याच्यापेक्षा त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं घड्याळजीला वाटलं. खुर्ची ओढून तो बसला. खिडकी, खुंटी, दार, दाराला पितळी कडी. मनातल्या मनात त्याने खिडकीला निळा पडदा लावला, कोपऱ्यात लेकीसाठी स्टूल ठेवलं. मग ड्रायव्हरचा शर्ट नजरेला आडवा आला आणि पडदा विरून गेला.

ड्रायव्हर आडवा झाला. या कुशीवर वळला, त्या कुशीवर वळला. पालथा पडला. उठून बसला. उशी पायाशी घेतली आणि डोकं दाराकडे केलं. घड्याळजी हे सगळं अशा आनंदाने पाहत होता, जसं कुणी आपलं हरवलेलं पाकीट दुसऱ्याच्या खिशातून आपोआप सरकत बाहेर येताना पाहावं.

“झोप येत नाही का?” त्याने अगदी मायेने विचारलं.

“नाही ना. काय आहे, सगळं फारच गप्प आहे.”

“मग ताजी हवा घे. बाहेर चक्कर मारून ये. हवं तर लांबची चक्कर मार.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरचे डोळे लाल झाले आणि गोदामावरून ताईंना फोन आला की माणूस चांगला आहे, पण उभ्या उभ्या डुलतोय. घड्याळजीने त्या रात्री हॉलमध्ये इतकी शांत झोप घेतली की बऱ्याच दिवसांत घेतली नव्हती. रविवार अजून यायचा होता. वेळेत सगळं जमत होतं.

आणि पुढच्या सकाळी घात झाला.

घड्याळजी खुर्चीत बसून ड्रायव्हरकडे टक लावून पाहत होता. ताईंनी ड्रायव्हरसाठी खास जाड चादर पाठवली होती. स्वतःच्या हातांनी घडी करून. घड्याळजीला आली तेव्हा चादर गठ्ठ्यातून आली होती. ही गोष्ट त्याच्या मनाला अशी लागली की त्याचा उजवा पाय हलायला लागला. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे हात दगडासारखे स्थिर लागतात. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची असते. मग जन्मभराची सगळी थरथर जाणार कुठे? ती त्याच्या पायात उतरली होती. मन जळायला लागलं की पाय आपोआप सुरू व्हायचा, टाच वर, टाच खाली, भरभर, आणि त्याला पत्ताही नसायचा. त्या दिवशी त्याच्या पावलाची कड खाटेच्या लोखंडी पायाला टेकलेली होती. लोखंड गुणगुणायला लागलं, आणि अख्खी खाट बारीक थरथरायला लागली.

ड्रायव्हरच्या तोंडून “हं...” असा एक आवाज आला. मग त्याचा जबडा सैल पडला. नवे दात जरा पुढे सरकले. आणि तो घोरायला लागला. घोरणं म्हणजे कसलं, चढावर भरलेला ट्रक दुसऱ्या गियरमध्ये चाललाय असं. खालच्या मजल्यावर दवाखान्यातल्या बाटल्या किणकिणल्या.

घड्याळजी तोंडाचा आ करून बघत राहिला. पाय थांबला. घोरणं थांबलं. ड्रायव्हरने डोळे उघडले.

“गाडी का थांबवली?” तो झोपेतच म्हणाला.

तेव्हा उलगडा झाला. या माणसाने उभं आयुष्य ट्रकच्या केबिनमध्ये काढलं होतं. क्लीनर गाडी चालवायचा तेव्हा हा मागच्या फळीवर झोपायचा. नजर अधू झाली, लायसन्स गेलं, मालकाने गाडी विकली, आणि गाडीबरोबर याचं घरही विकलं गेलं. पुढे तो झोपला तोही पुलाखाली, जिथे वरून रहदारी जाते आणि जमीन हलत असते. न हलणारी खाट त्याला माहीतच नव्हती.

हे सगळं ड्रायव्हरने दुपारी जेवताना हॉलभर सांगितलं. “असा सोबती लाखात एक! माझ्यासाठी बिचारे तासन्‌तास पाय हलवतात. सख्खा भाऊ करणार नाही.”

ताईंचे डोळे भरून आले. मावशीने घड्याळजीच्या ताटात न मागता जास्तीचं वाढलं. आणि घड्याळजी? तो कसनुसं हसला. मत्सराने हललेल्या पायाचं पुण्य त्याच्या गळ्यात पडलं होतं. त्यातही त्याला दिसलं ते एवढंच की सगळे कौतुकाने पाहतायत ते ड्रायव्हरकडे, किती मोकळ्या मनाचा माणूस म्हणून.

मग त्याची मोठीच पंचाईत झाली. खोलीत गेलं की तो चडफडायचा, चडफडला की पाय हलायचा, पाय हलला की ड्रायव्हर झोपायचा. जितका जास्त जळफळाट, तितकी जास्त गाढ झोप. एक दिवस गोदामावरून ड्रायव्हरचं कौतुक आल्याचं कळलं, तर घड्याळजीचा पाय असा सुटला की ड्रायव्हर त्या दिवशी संध्याकाळी कामावर निघायची वेळ होईपर्यंत उठलाच नाही, आणि उठला तेव्हा त्याने विचारलं, “कुठलं गाव आलं?” त्याचे गाल भरायला लागले. चेहऱ्यावर तकाकी आली. घड्याळजी मात्र वाळत चालला.

रविवार उजाडला.

घड्याळजीने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. लेक दुपारच्या आत येणार होती. आज काय वाटेल ते होवो, पाय हलू द्यायचा नाही. तो खुर्चीवर मांडी घालून बसला आणि दोन्ही पावलं मांड्यांखाली दाबून धरली. पाय आतल्या आत फडफडत होते, पोत्यात कोंबडी कोंबल्यासारखे. पण खाट हलली नाही.

ड्रायव्हर बराच वेळ छताकडे पाहत पडला. मग उठला. घड्याळजीच्या मांडीकडे त्याने एकदा पाहिलं, आणि खुंटीवरून शर्ट काढून अंगात घातला.

“पाय दमला असेल तुमचा,” तो म्हणाला.

“हं.”

“दमणारच. आणि पंधरवडा झाल्यावर तरी कोण हलवणार? मीच विचार करत होतो. एवढं पांघरूण, एवढी खिडकी, आणि मला झोपायला दुसऱ्याचा पाय लागतो. शोभत नाही.” तो चपला घालायला लागला. “खोली तुम्ही घ्या. मी ताईंना सांगतो, मला नाही मानवली. तुमची लेक येणार आहे ना आज? मावशी म्हणत होती. पडदा लावा एखादा. बरा दिसेल.”

झालं. खोली मिळाली. खिडकी, खुंटी, पितळी कडी, सगळं. घड्याळजीने मनातल्या मनात निळा पडदा लावूनही टाकला. आणि तरी काहीतरी टोचत होतं. खोलीसुद्धा याने द्यावी आणि आपण घ्यावी? मोठेपणाही यालाच?

“मग तू झोपणार कुठे?” त्याने विचारलं.

“जुन्या जागी. उड्डाणपुलाखाली, जाहिरातीच्या फळीमागचा खांब आहे ना, वारा लागत नाही बघा तिथे. वरून गाड्या जातात, मस्त थरथर असते. मी हेरून ठेवलाय.”

घड्याळजी ताडकन उभा राहिला. पाय मोकळे झाले.

“जाहिरातीच्या फळीमागचा? तो खांब माझा आहे!”

“तुमचा?”

“माझा! तीन हिवाळे राखलाय मी तो. एका पिसाळलेल्या कुत्र्याशी भांडून घेतलाय. आणि तू त्याच्यावर डोळा ठेवलास? दात तुला आधी, चादर घडी केलेली तुला, खोली तुला, आणि आता माझा खांबही तुलाच? नाही मिळणार. झोप इथेच!”

“अहो, पण...”

“झोप म्हणतो ना! काढ चपला!”

ड्रायव्हर मुकाट्याने आडवा झाला. घड्याळजीने खुर्ची धाडकन खाटेला लावली, पाऊल लोखंडाला टेकवलं, आणि खांबाचा विचार केला. आपल्या खांबाला पाठ टेकून, आपल्या थरथरीवर हा डुलक्या घेतोय! पाय असा सुटला की खिडकीतली शिट्टी नाचत नाचत खाली पडली. दोन श्वासांत ड्रायव्हर घोरायला लागला.

आणि दार वाजलं.

घड्याळजी उठणार, तोच ड्रायव्हरच्या पापण्या हलल्या. घड्याळजी पुन्हा बसला. “उघडंच आहे,” तो हळू आवाजात म्हणाला, “आवाज करू नकोस.”

लेक आत आली. तिने बापाकडे पाहिलं. तोही तिच्याकडे पाहत राहिला. केसात थोडं पांढरं आलं होतं तिच्या. कधी आलं? तिला खूप काही बोलायचं असणार, पण खाटेवरचा ट्रक चढावर होता.

“हे कोण?” तिने कुजबुजत विचारलं.

“ड्रायव्हर.”

“तुमच्या खोलीत का झोपलेत?”

एवढंच म्हणायचं होतं की पाहुणा आहे. शब्द दातांपर्यंत आला होता. दात वाजलेही. पण खुंटीवर शर्ट नव्हता. तो ड्रायव्हरच्या अंगावर होता, बटणं लावलेला, निघायच्या तयारीतला.

“खोली माझी नाही,” घड्याळजी म्हणाला. “याची आहे. मी तुला खोटं सांगितलं. म्हणजे सांगितलं तेव्हा खरं वाटत होतं. माझी खाट खाली आहे, हॉलमध्ये, पंचवीस जणांत. दार नाही तिला.”

लेकीने खांद्यावरची पर्स सावरली.

“जायचं असेल तर जा,” तो म्हणाला. “मला उठता येत नाही. पाय थांबला तर हा जागा होईल.”

लेकीने त्याच्या पायाकडे पाहिलं. लहानपणी दुकानातल्या बाकाखाली बसून तिने तो पाय तासन्‌तास पाहिलेला होता. तिने पर्स जमिनीवर ठेवली, स्टूल नव्हतंच, म्हणून भिंतीला टेकून खाली बसली.

“बाबा, आता कोणावर जळताय?”

“मी? छे.”

“पाय सांगतोय.”

“त्याच्यावर,” घड्याळजी म्हणाला. “सगळं त्याला मिळतं.”

“आणि त्याला तुम्हीच झोपवताय.”

“नाहीतर माझा खांब घेईल तो.”

ती हसायला लागली. हसू दाबायला तिने तोंडावर पदर धरला आणि तो लवकरच ओला झाला, तो हसण्याने की कशाने ते तिने सांगितलं नाही. संध्याकाळी ती हॉलमध्ये त्याच्या खाटेवर बसून चहा प्यायली. मावशीने मुद्दाम पहिला कप घड्याळजीसमोर ठेवला. त्याने तो लेकीकडे सरकवला. पण उशिरा, आणि मन घट्ट करून.

पंधरवडा संपायच्या आत घड्याळजीने कारखान्यात जुन्या मिक्सरच्या मोटरीला एका बाजूला वजन बांधून खाट हलवायचं यंत्र केलं. पहिल्याच चाचणीत वजन जरा जास्त झालं. खाट चालायला लागली. दारातून बाहेर पडली, गॅलरीतून ठुमकत ठुमकत जिन्यापर्यंत गेली, आणि ताई ओरडत मागे धावल्या म्हणून वाचली. खाटेवर ड्रायव्हर ढाराढूर. जागा झाल्यावर म्हणाला, आज वाटेत खड्डे फार होते. मग घड्याळजीने वजन अर्ध्यावर आणलं आणि ड्रायव्हरची झोप कायमची मार्गी लागली. पुढची खोली रिकामी होईल ती आता घड्याळजीची, असं ताईंनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं. त्याने या खेपेला कुणाला फोन केला नाही.

लेक मात्र खोलीची वाट न पाहता पुढच्या महिन्यात पुन्हा आली. हातात पिशवी होती.

“थंडी वाढलीय म्हणून लोकरीचे मोजे आणलेत. एक जोड तुम्हाला, एक ड्रायव्हरकाकांना. रात्रभर उघड्यावर उभे असतात ना ते.”

“छान केलंस,” घड्याळजी म्हणाला. आणि ती मावशीशी बोलायला वळली तेवढ्यात त्याने दोन्ही जोड बोटांत धरून चाचपले, घड्याळाचा पट्टा पारखावा तसे, अंगठ्याने दाबून.

ड्रायव्हरचे जाड होते.